वडिलांना सिअॅटल मॅरिनर्सची बेसबॉल मॅच दाखवायचीय? मग तिकिटाचं आधी वाचा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आज ऑफिसला लॉगिन करायच्या आधी हे लिहायला बसलोय. वडील ७८ वर्षांचे, एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी सिअॅटलला येताहेत, आयुष्यभर क्रिकेट बघितलंय, त्यांना बेसबॉल कळेल का, आणि "साध्या मॅचला नेण्यापेक्षा थेट प्लेऑफलाच नेतो, रिसेल साईटवर तिकिटं मिळतातच". (प्लेऑफ म्हणजे ऑक्टोबरमधली सीझनअखेरची बाद फेरी, रिसेल साईट म्हणजे जिथे लोक आपली तिकिटं परत विकतात ती.) हे शेवटचं वाक्य माझंच होतं हो, २०२२ चं. म्हणून लांबलचक लिहितोय, वेळ असेल तसं वाचा.

खेळाचे नियम समजावत बसत नाही. क्रिकेटवाल्या माणसाला तीन इनिंगमध्ये सगळं कळतं.

आमचे अण्णा सांगलीत पाटबंधारे खात्यात होते आणि तीस वर्षं रविवारी क्लबच्या मॅचचे स्कोअरर. २००१ च्या उन्हाळ्यात आईला घेऊन पहिल्यांदा इकडे आले. मी तेव्हा नवीन, हातात पैसे बेताचे, तरी वरच्या मजल्यावरची तिकिटं काढून नेलं. इचिरो या जपानी खेळाडूचा तो इथला पहिलाच सीझन. त्याने शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) साधा घरंगळता बॉल मारला आणि फील्डरने उचलून फेकेपर्यंत हा पहिल्या बेसवर, तेव्हा अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "हा आपल्यासारखा बारकाच आहे की रे!" बास, तिथून वेड लागलं ते लागलंच. पुढच्या मॅचला त्यांनी फूटपट्टीने वही आखून आणली. नऊ फील्डरना नऊ नंबर असतात, पिचर म्हणजे बॉलर १, कॅचर म्हणजे कीपर २, शॉर्टस्टॉप ६, म्हणजे डबल प्ले (एका बॉलवर दोघं आउट) झाला की ६-४-३ लिहायचं, बॅटर न मारता नुसता बघत आउट झाला की के अक्षर उलटं काढायचं, हे सगळं त्यांनी एका दुपारी शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्या अमेरिकन बाईकडून शिकून घेतलं, आणि दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती.

त्या वर्षी टीमने ११६ मॅच जिंकल्या. अण्णा मात्र ऑक्टोबरच्या आधीच परत गेले, प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क यँकीजकडून हरल्याचं मी फोनवर सांगितलं. "पुढच्या वेळी प्लेऑफ बघायचंच," म्हणाले. ती पुढची वेळ २१ वर्षांनी आली. मधल्या २० सीझनमध्ये टीम एकदाही प्लेऑफमध्ये गेली नाही, आणि या माणसाने सांगलीत बसून, इकडची संध्याकाळची मॅच तिकडे सकाळी चहाबरोबर लावून, हरणाऱ्या टीमच्या वह्या भरल्या. मार्च २०१९ मध्ये इचिरो टोकियोत शेवटची मॅच खेळून निवृत्त झाला तेव्हा त्या पानावर खाली त्यांनी तारीख घालून सही केली होती. स्कोअरर मॅच संपल्यावर करतो तशी.

आता मुद्द्याचं. सप्टेंबर २०२२ मध्ये अण्णा आले, महिनाअखेर आपल्या कॅल रॅलेच्या होम रनने (बॉल थेट कुंपणापार, आपला सिक्सर समजा) प्लेऑफ नक्की झालं, ८ ऑक्टोबरला टोरंटोत ८-१ ने मागे असताना १०-९ ने जिंकलो. घरात दिवाळी. आणि त्या आनंदाच्या भरात, त्याच संध्याकाळी, १५ तारखेच्या घरच्या मॅचची दोन तिकिटं मी एका रिसेल साईटवरून काढली. पैसे कापले गेले, कन्फर्मेशनचा मेल आला, मी समजलो तिकिटं आली.

चूक इथे झाली आणि ती माझी आहे. त्या मेलमध्ये सीट नंबर नव्हता, नुसता सेक्शन होता आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की विकणारा मॅचआधी तिकीट ट्रान्सफर करेल. म्हणजे पैसे दिले तेव्हा त्या माणसाकडे तिकीट होतं की नाही हेसुद्धा कुणाला माहीत नाही! हा प्रकार चालतो हे मला ठाऊकच नव्हतं. आठवडाभर मी एकदाही अॅप उघडून बघितलं नाही की तिकीट खरंच आपल्या नावावर दिसतंय का. एवढं एक बघितलं असतं तर दुसरी सोय करायला चार दिवस हातात होते.

शनिवारी साडेअकराला गेटवर. अण्णांच्या अंगात माझं जुनं मॅरिनर्सचं जॅकेट, काखेत वही, खिशात दोन पेन्सिली आणि भडंगाची पुडी. तिकीट आलेलं नाही. साईटच्या हेल्पलाईनला फोन लावला, एक तास दहा मिनिटं होल्डवर, मग एक जण म्हणाला मॅच सुरू होईपर्यंत विकणाऱ्याला मुदत आहे, थांबा. मॅच १:०७ ला सुरू झाली, परत लावला, तर दुसरी बाई म्हणाली मॅच सुरू झाली असल्यामुळे आता काही करता येणार नाही, पैसे परत घ्या नाहीतर कूपन देते. कूपन! मी तिला सांगितलं की शेजारी माझे वडील उभे आहेत आणि ते २१ वर्षं थांबलेत. ती म्हणाली आणखी कशात मदत करू का. पैसे तीन आठवड्यांनी पूर्ण आले, ते कबूल करतो. पण राग गेलेला नाही आणि जाणारही नाही.

गेटवरच्या माणसाचा मात्र दोष नव्हता, त्याने अण्णांना बसायला खुर्ची दिली होती.

अण्णाच म्हणाले, "चल गाडीत बसू, रेडिओ आहे ना." गाडी समोरच्या पार्किंग गॅरेजच्या वरच्या मजल्यावर होती. काचा खाली केल्या, ७१० एएम लावलं, त्यांनी वही मांडीवर उघडली. आणि तिथे एक गोष्ट कळली. रेडिओ काही सेकंद मागे असतो. स्टेडियममधला आवाज आधी यायचा, मग कॉमेंटेटर सांगायचा. पाच-सहा इनिंग झाल्यावर अण्णा आवाजावरूनच ओळखायला लागले, हा स्ट्राईकआऊट (तीन स्ट्राईक होऊन आउट), हा फाऊल (रेषेबाहेर गेलेला बॉल), आणि रेडिओ बोलायच्या आत पेन्सिल टेकलेली. मॅच एरवी नऊ इनिंगची, बरोबरी असली की पुढे चालते; त्यांच्या वहीत १२ इनिंगचे रकाने होते. १२ संपल्या, ०-०. त्यांनी समोरच्या कोऱ्या पानावर रेघा ओढल्या, फूटपट्टी नव्हती म्हणून गाडीच्या मॅन्युअलची कड धरून. अंधार पडला, गाडीतला दिवा लावला, बॅटरी उतरू नये म्हणून मी मधूनमधून इंजिन चालू करत होतो. १८ व्या इनिंगमध्ये समोरच्या ह्यूस्टन टीमची बॅटिंग, आत गोंगाट चाललेला, आणि एकदम सगळं गप्प. ४७ हजार माणसं. रेडिओवर कॉमेंटेटर अजून पिच (बॉल) कसा टाकला ते सांगत होता. अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली, म्हणाले, "गेला." मग रेडिओवर ह्यूस्टनच्या पेन्याचा होम रन आला. त्यांनी पेन्सिल परत उचलून तो नोंदवला, आपला शेवटचा माणूस आउट होईपर्यंत लिहिलं, खाली सही केली. सहा तास बावीस मिनिटं चालली ती मॅच.

लोक मला सांगतात, अरे किती छान आठवण आहे. आहे. पण ते आत असायला हवे होते. अण्णा फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले, प्लेऑफची मॅच मैदानात त्यांनी कधीच बघितली नाही, आणि त्याचं कारण एक मेल नीट न वाचणं एवढंच आहे.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: प्लेऑफची वाट बघू नका. मे महिन्यातल्या मंगळवारी कुठल्याही टीमविरुद्ध न्या. तिकीट टीमच्या अधिकृत ठिकाणाहूनच, आणि अॅपमध्ये सेक्शन, रो, सीट तिन्ही दिसल्याशिवाय तिकीट मिळालं असं समजू नका. रिसेल घ्यावंच लागलं तर पैसे दिल्या क्षणी ट्रान्सफर होणारं घ्या. (माझा अनुभव २०२२ चा आहे, नियम बदलले असतील, तपासून घ्या.) सीट तिसऱ्या बेसच्या बाजूला, संध्याकाळचं ऊन डोळ्यावर येत नाही. वरच्या मजल्याच्या पायऱ्या उभ्या आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर खालच्या लेव्हललाच बघा, चार पैसे जास्त जाऊ देत. घरचं खायला नेऊ देतात, बॅगचे नियम फक्त आदल्या दिवशी वाचा. आणि जुलैतसुद्धा स्वेटर न्या, सूर्य गेला की आपल्या लोकांना थंडी वाजतेच. गाडी नेऊ नका, लाईट रेलचं स्टेडियम स्टेशन चालत जवळ आहे.

टीमबद्दल विचारलंत. २०२५ सारखा सीझन मी इथे २००१ नंतर बघितला नव्हता. रॅलेने ६० होम रन मारले, कॅचर असून! रोज दीडशे पिच गुडघ्यांवर बसून पकडायचे आणि वर हे. प्लेऑफमधली डेट्रॉईटविरुद्धची पाचवी मॅच १५ इनिंग चालली, आपल्या पोलांकोच्या हिटवर ३-२ ने जिंकलो. मी ती घरी बसून अण्णांच्या शेवटच्या वहीत लिहिली. २०२२ नंतर त्यांनी आखलेल्या प्रत्येक पानावर १८ रकाने आहेत, त्यामुळे सगळी मॅच एका पानात बसली.

आणि मग टोरंटो, सातवी मॅच, २० ऑक्टोबर, इकडे नरकचतुर्दशीची संध्याकाळ. बायकोने पणत्या लावलेल्या, ३-१ ने पुढे होतो, वर्ल्ड सीरिजला, म्हणजे फायनलला, फक्त ८ आउट कमी. आपली टीम आजवर एकदाही वर्ल्ड सीरिजला गेलेली नाही, लीगमधल्या तीस टीमपैकी ही एकच अशी आहे. टोरंटोच्या स्प्रिंगरने तीन रनचा होम रन मारला. मी वही मिटली. आई सांगलीहून फोनवर होती, तिकडे लक्ष्मीपूजनाची सकाळ, तिला बेसबॉलमधलं अजूनही काही कळत नाही, पण वही मिटल्याचा आवाज तिला कळला. म्हणाली, "अर्धी ठेवू नकोस. ह्यांनी कधी ठेवली नव्हती." मग शेवटपर्यंत लिहिली, ४-३ ने हरलो, शेवटी आपला हूलिओ स्ट्राईकआऊट.

तुमच्या वडिलांना लिहायची सवय असेल तर अण्णांनी आखलेलं एक कोरं पान मी स्कॅन करून ठेवलंय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो. ए-फोरवर आडवं प्रिंट करा, उभं केलं तर शेवटचे रकाने कापले जातात. पेन्सिल साधी एचबी, पेन नको, निर्णय बदलतात.