आयर्विनला किती फूट?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज परवा रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. मोबाइलवर उत्तर लिहायला घेतलं, पण चार ओळींत अंगठा दमतो. म्हणून कागद ओढला. चाळीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर दिवाणजी म्हणून वह्या लिहिल्या, हाताला पेनच बरं वाटतं. पत्र पुण्याला पोचायला चार दिवस लागतील. लागू देत, तुझ्या प्रश्नाला घाई नाही.

तू लिहिलंस की सकाळी दहा मिनिटं ध्यानाला बसतेस, ॲपमधली बाई ‘श्वासाकडे लक्ष द्या’ म्हणते आणि तुझं लक्ष नवाच्या मीटिंगकडे जातं. रात्री कृतज्ञतेच्या वहीत तीन गोष्टी लिहितेस. तीन महिन्यांनी पानं चाळलीस तर रोज तेच: आरोग्य, आई-बाबा, जेवण. ‘काका, मला हे सगळं खोटं वाटायला लागलंय. माझ्यातच काही कमी आहे का?’

कमी काही नाही. वही चुकीची भरली जातेय, एवढंच. आणि वह्यांचं मला कळतं.

आडतीच्या वहीत कुणी नुसतं ‘हळद’ असं लिहीत नाही. कुणाची, कुठल्या गावची, हळकुंड की गड्डा, किती पोती, कुठल्या पोत्याचं वजन किती, काय दर लागला, हे सगळं लिहावं लागतं. तेव्हा कुठे ती नोंद होते. ‘जेवण’ ही नोंद नव्हे बाळ, तो नुसता मथळा झाला. कुणी केलं ते जेवण? काल भाजी कसली होती? तू ती खाल्लीस तेव्हा डोळे ताटात होते की मोबाइलमध्ये? डोळे मोबाइलमध्ये असतील तर रात्री वहीत लिहायला उरणार काय? आरोग्य, आई-बाबा, जेवण. तुझी वही खोटी नाही, ती रिकामी आहे. दिवसभरात आत काही घेतलंच नाहीस, मग रात्री काढणार कुठून.

तू कृतज्ञतेवरच्या ज्या अमेरिकन प्रयोगाचा लेख पाठवला होतास, तो मी पुतण्याकडून समजून घेतला. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलॉ या मानसशास्त्रज्ञांचा, २००३ सालचा. त्यांनी पहिल्या प्रयोगात लोकांना आठवड्यातून एकदाच लिहायला लावलं होतं, आणि तेही दहा आठवडे. रोज रात्री तीन, मग ॲपची टिंग, मग ‘सलग ९० दिवस’ म्हणून हिरवी पट्टी, असला हिशोब त्यात नव्हता. तू आठवड्यातून एकदा लिही. रविवारी. पण माणसाच्या नावानिशी लिही.

आता लक्षाचं. हळद पारखायची कशी ते तुला एकदा दाखवलं होतं, आठवतंय? हळकुंड घ्यायचं आणि मोडायचं. नीट वाळलेलं असेल तर ते टणकन वाजतं, एखाद्या धातूसारखं. ओल राहिली असेल तर आवाज मऊ येतो, मोडताना जरा वाकतं. मग मोडलेल्या तोंडाचा रंग बघायचा, कडेपासून मधेपर्यंत सारखा आहे का. मग नाकाशी धरायचं. हे सगळं पाच-सात सेकंदांत होतं, आणि तेवढ्या सेकंदांत पारखणाऱ्याच्या डोक्यात दुसरं काही नसतं. बायकोशी झालेलं भांडण नसतं, दुपारची झोप नसते. शेजारी हमाल ओरडत असतात, ट्रक मागे येत असतो, धुळीनं घसा धरलेला असतो. आणि तरी कान त्या एका आवाजाला लागलेला असतो. याला आम्ही कधी ध्यान म्हटलं नाही. सौदा म्हटलं.

तुझ्या त्या दहा मिनिटांपेक्षा मला हे पाच सेकंद जास्त भरवशाचे वाटतात. ध्यानाला बसू नकोस असं मी म्हणत नाही. बस. पण दिवसातलं एक काम असं निवड, की जे हातानं होतं आणि जे तुला रोज करावंच लागतं. केस विंचरणं असेल, चहा असेल, ऑफिसला जाताना कुलूप लावणं असेल. तेवढं काम पारख्यासारखं कर. मन पळालं की ओरडू नकोस त्याला. पुढचं हळकुंड उचल.

याच्या उलट काय होतं तेही सांगतो, कारण ते मी केलंय. मला गोंदवल्याची ओढ. तरुणपणापासून तेरा अक्षरी राममंत्राचा जप चालू आहे, आणि वयाच्या पस्तिशीत मला त्याचा थोडा माजही आला होता. दुकानात बसून पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचे कागद, लिहायच्या आणि ओठांत जप चालू ठेवायचा. बघणारे म्हणायचे, दिवाणजी काय भक्त माणूस. असाच एकदा ऐन मार्चमध्ये, ढीगभर माल आलेला, मी एका शेतकऱ्याची पट्टी केली. वाळवा तालुक्यातले होते. वजनांच्या यादीची बेरीज करताना एक ओळ सुटली. हमाली, तोलाई वजा करून पैसे दिले, त्यांनी खिशात घातले, गेले. तासाभरानं परत आले. एसटी स्टँडवर बसून त्यांनी बोटांवर हिशोब केला होता. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. म्हणाले, ‘दिवाणजी, माझं एक पोतं तुमच्या वहीत हरवलंय.’

एक पोतं म्हणजे नांगरटीपासून धरलं तर वर्षभरातलं किती ऊन, किती वाकणं. ते मी रामाचं नाव घेत घेत खाऊन बसलो होतो. पैसे लगेच दिले, पण त्या रात्री जपाला बसलो तर माळ हातात धरवेना.

समर्थांनी दासबोधात चार गोष्टी सांगितल्यात. पहिली हरिकथा, दुसरी राजकारण, आणि ‘तिसरें तें सावधपण । सर्वविषयीं’. लहानपणापासून ही ओवी पाठ होती, पण ‘सर्वविषयीं’ मध्ये माझी पट्टीही येते हे त्या माणसानं शिकवलं. तुम्ही ज्याला सजगता म्हणता, त्याला हा आपला घरातला शब्द आहे. लग्नात भटजी ‘सावधान’ ओरडतात तोच. बुद्धांच्या परंपरेत त्याला पालीत ‘सति’ म्हणतात, म्हणजे संस्कृतातली स्मृती. मला हे फार आवडलं. लक्ष देणं म्हणजे आठवण ठेवणं. आपण आत्ता काय करतोय याची आठवण.

त्या शेतकऱ्याचे आभार मानायला मला पुढचा हंगाम उजाडला. ते माल घेऊन आले तेव्हा चहा पाजला आणि म्हटलं, गेल्या वर्षी तुम्ही परत आलात ते बरं केलंत. त्यांना आठवतच नव्हतं! हसले आणि म्हणाले, ‘आता बरोबर लिवा म्हंजे झालं.’

तुझा दुसरा प्रश्न रागाचा. ऑफिसात कुणी बोललं की तू एकदम फुटतेस आणि मग दोन दिवस स्वतःला खातेस. त्यावर मला श्वास-बिस सांगता येत नाही. पण तू चार वर्षं आमच्या वरच्या खोलीत राहिलीस. पावसाळ्यात सांगलीत माणूस माणसाला भेटला की नमस्काराच्या आधी काय विचारतो? ‘आयर्विनला किती?’ कृष्णेवरचा १९२९ चा तो आयर्विन पूल, पाणी किती चढलं ते कळायला त्यावर रंगवलेले फूट, आणि छत्री धरून कठड्याशी उभी असलेली माणसं. ४० ला इशारा, ४५ ला धोका. तिथं उभं राहून कुणी नदीला शिव्या देत नाही, ‘तू चढायला नको होतीस’ असं म्हणत नाही. नुसता आकडा बघतात. बत्तीस आहे. चौतीस झाली. आणि त्या आकड्यावरून ठरवतात, तळघरातलं सामान वर चढवायचं की अजून एक दिवस थांबायचं.

तू तेवढंच कर. सकाळी, दुपारी, घरी येताना स्वतःला विचार, किती फूट? आकडाच दे, निबंध नको. अडतीसला असशील तर त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊ नकोस, पाणी पिऊन ये. तू फुटतेस ती एकदम नाही. तुझा आकडा कुणी बघत नसतं म्हणून तुला तसं वाटतं.

आणखी एक. कोयना धरणाचं दार उचललं की ते पाणी लगेच इथं येत नाही. पाटण करत, कराडला कृष्णेला मिळून मग सांगलीत येतं. इथं ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. नवख्याला कळत नाही, पाऊस नाही तर पाणी कसलं? तू मंगळवारी ज्या पोरावर ओरडलीस, ते पाणी त्याचं नव्हतं. ते कुठं सोडलं गेलं होतं ते वर जाऊन बघ. मला वाटतं रविवारी आईचा फोन झाला तेव्हाच एक दार उचललं गेलं होतं. चुकत असेन तर सांग.

आणि पाणी वाईटच असतं असंही नाही. इथं आपण आकडे बघत असतो तेव्हा खाली नरसोबाच्या वाडीला लोक दक्षिणद्वार कधी होतंय याची वाट बघत उभे असतात. तेच पाणी देवळातल्या दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि लोक त्यात स्नान करतात. नदी एकच.

पुराचा विषय निघालाच आहे तर कृतज्ञतेबद्दलची माझी एक लाजिरवाणी गोष्ट लिहितो. २०१९ चा ऑगस्ट. आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या आपल्या घरात खालच्या खोलीत छातीभर पाणी, आम्ही विश्रामबागला मेहुण्यांकडे. पाणी उतरल्यावर परत आलो. चिखल, त्याचा तो वास, फुगलेली दारं. वर गेलो तर वरचा मजला कोरडा. देव्हारा जसाच्या तसा. मी खाली येऊन मोठ्यानं म्हणालो, ‘देवाची कृपा हो, आमचं वरचं सगळं वाचलं.’ समोर शेजारच्या वहिनी खराट्यानं चिखल ओढत होत्या. त्यांची मागची भिंतच गेली होती. त्या काही बोलल्या नाहीत. खराटा चालू ठेवला.

देवानं माझी फडताळं वाचवली आणि त्यांची भिंत पाडली, असं मी म्हटल्यासारखं झालं की नाही? तेव्हापासून दुसऱ्याच्या तुटीवर उभी असलेली कृतज्ञता मला नको वाटते. ‘त्या बिचाऱ्यांपेक्षा आपण किती सुखी’ हे तुझ्या वहीत दोनदा आलंय. ते खोड.

त्याच आठवड्यात कुठूनशी आठ-दहा पोरं आली, फावडी घेऊन. कुठल्या गावची ते धड विचारलंही नाही. दोन दिवसांत आमचं आणि वहिनींचं घर उपसून, धुऊन दिलं, आमच्याकडची आमटी-भाकरी खाल्ली, ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणाले आणि टेम्पोत बसून गेले. अन्नदाता कोण, आम्ही? त्यांचे आभार मी कुठे पोचवू? २०२१ ला पाणी पुन्हा आलं तेव्हा गुडघे दुखत असूनही मी ज्या वस्तीत चिखल जास्त होता तिथं दोन दिवस बादल्या उचलल्या. उसनं फेडायला मूळ सावकार सापडला नाही की असं करावं लागतं.

आपल्या घरांत ‘धन्यवाद’ कुणी म्हणत नाही, हे तू तक्रारीच्या सुरात लिहिलंयस. खरं आहे. आभारप्रदर्शन म्हटलं की आपल्याकडे लोक चपला शोधायला लागतात. आपण ते ‘जेवलीस का?’ मध्ये, ‘दमलीस, बस जरा’ मध्ये घालतो. तुझी आई बेदाण्याची पुडी तुझ्या बॅगेत कोंबते, तेही त्यातलंच. तू तोंडानं म्हण, हरकत नाही, पण दुसऱ्यानं आपल्या पद्धतीनं म्हटलेलं ऐकायलाही शीक.

एक गोष्ट मात्र मी रागानं लिहितोय. ‘रात्री अकरापर्यंत थांबवतात, पण नोकरी आहे याबद्दल मी कृतज्ञ आहे.’ हे आभार नव्हेत बाळ, ही भीती आहे, आणि तू तिला चांगले कपडे घातलेस. त्या शेतकऱ्यानं ‘बाकीच्या पोत्यांचे पैसे मिळाले, देव पावला’ असं म्हणून एसटी धरली असती तर? तो परत आला. हळू आवाजात आला, पण आला. तुझे जादा तास तू मोज, कागदावर मांड आणि साहेबापुढे ठेव. आकडा आधी बघून जा मात्र. तीसच्या खाली असेल त्या दिवशी.

इथं पाऊस चांगला आहे. काल आयर्विनला अठरा होती. बेंदराला मातीचे बैल आणलेत, काकूनं पुरणाचा घाट घातलाय, तू नाहीस म्हणून कटाची आमटी उरणार.

पुढच्या पत्रात मला फार काही नको. तुझ्या डब्याच्या मावशींचं नाव लिही. आणि त्यांचं गाव.

तुझा,
दिवाणजी काका