बरडीवरचा जिवंत पापुद्रा : वाचकांचे प्रश्न

आमच्या पडीक बरडीवर काळपट, खरबरीत पापुद्रा धरला आहे. पाऊस पडला की हिरवट होतो. जमीन खराब झाली का? (दारव्हा)

नाही, उलट ती जिवंत आहे. हा पापुद्रा नीलहरित शेवाळ, बुरशी, दगडफूल आणि मॉस (मखमलीसारखी बारीक हिरवी वनस्पती) यांचा असतो. शेवाळाचे चिकट तंतू मातीचे कण धरून ठेवतात, त्यामुळे वाऱ्यापावसात माती कमी जाते. काही शेवाळं हवेतला नत्रही धरतात. वखर चालणाऱ्या, भेगाळणाऱ्या काळ्या वावरात मात्र तो टिकत नाही.

पेरणीनंतर वरची माती कडक होऊन कपाशी उगवत नाही. तो हाच का? (मेहकर)

नाही. तो थेंबांच्या माराने चोपून बसलेला निर्जीव थर. तो खुशाल फोडा.

ऊन वाढलं, पाऊस लहरी झाला. या जिवंत पापुद्र्याला काय होईल? (कारंजा)

मला उन्हापेक्षा पावसाच्या तऱ्हेची काळजी जास्त वाटते. अमेरिकेत युटाच्या कोरड्या माळावर संशोधकांनी उन्हाळ्यात वारंवार, दर वेळी फक्त १.२ मिलिमीटर पाणी शिंपडलं. मॉस फोफावेल असं कुणालाही वाटेल. ते एका हंगामात जवळजवळ संपलं. कोरडं मॉस भिजलं की आधी स्वतःची डागडुजी करतं, त्यात साठवलेलं अन्न खर्च होतं. ते भरून निघेपर्यंत ओल टिकावी लागते. गाडीभाडं भरून मजुरीला जावं आणि तासाभरात काम सुटावं, तसा हा तोटा. तो साचत गेला की मॉस उपाशी मरतं.

तो मुलूख थंड वाळवंटाचा, आपला मोसमी. तिथले आकडे इथे जसेच्या तसे लागणार नाहीत. पण मे महिन्यातले अवकाळी शिंतोडे इथेही असाच घात करू शकतात. पृथ्वीच्या सुमारे १२ टक्के जमिनीवर असे पापुद्रे आहेत. हवामानबदल आणि जमिनीचा बदलता वापर मिळून त्यांतले २५ ते ४० टक्के येत्या ६५ वर्षांत जातील, असा २०१८ मधला अंदाज आहे.

पापुद्रा जपायचा, मग गुरं-शेळ्या न्यायच्या कुठं? (बाभूळगाव)

प्रश्न रास्त आहे, भाऊ. सगळी चराई बंद करा असं सांगणारे स्वतः गुरं राखत नाहीत. पण युटात असंही दिसलं की तुडवणं आणि तापमानवाढ, दोन्हींचा परिणाम सारखाच : मॉस-दगडफूल जातं, पातळ शेवाळ तेवढं उरतं. कोरडा पापुद्रा खुराखाली चुरा होतो आणि दगडफूल परतायला दशकंही लागू शकतात. म्हणून ई-क्लासमधला (गावच्या सरकारी चराऊ जमिनीतला) नाल्याकडचा उतार तेवढा कायम राखा, पाण्यावर जायला गुरांची एकच वाट ठेवा. बाकी रानात गुरं चारा.