पुदुच्चेरीची पाटी आणि साडेएकोणीस लाख

प्रश्न : साहेब, माझं वय ४१. ऐरोलीत राहतो, नोकरीही तिथेच. पंधरा वर्षं एकच हॅचबॅक चालवली. आता घराचं कर्ज फिटलंय आणि आयुष्यात एकदा तरी दोन दरवाजांची गाडी घ्यायची आहे. घोडबंदर रोडला कासारवडवलीत एक गृहस्थ २०१२ची ऑडी टीटी विकतायत. दोन लिटर पेट्रोल, क्वाट्रो (म्हणजे चारही चाकांना ताकद), ऑटोमॅटिक, ५८,००० किलोमीटर, नंबर पुदुच्चेरीचा. ते दुसरे मालक, २०२१पासून गाडी त्यांच्याकडे आहे. साडेएकोणीस लाख सांगतात. म्हणतात, "टीटी आता बनतच नाही, किंमत वाढतच जाणार." फोटो, आरसी आणि विम्याची प्रत सोबत जोडली आहे. बायको म्हणते, एवढ्यात नवी एसयूव्ही येते. गाडी तेवढ्या किमतीची आहे का?
— स. कु., ऐरोली

उत्तर : वहिनींचं म्हणणं खोटं नाही. पण एसयूव्हीच हवी असती तर तुम्ही मला पत्र लिहिलंच नसतं.

मी एकतीस वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम केलं. त्यामुळे गाडीच्या फोटोआधी माझा हात पॉलिसीकडे जातो. तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीत नो क्लेम बोनसच्या रकान्यात शून्य आहे. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. पहिल्या बिनक्लेमच्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. हे गृहस्थ २०२१पासून मालक आहेत, म्हणजे आतापर्यंत ४५च्या आसपास असायला हवेत. शून्य दिसतं ते दोन कारणांनी. एक तर गेल्या वर्षात क्लेम झाला, नाहीतर विमा संपून नव्वद दिवसांहून जास्त काळ तसाच पडून होता. आता तुमचा तिसरा फोटो पुन्हा बघा. उजवा हेडलाइट पिवळसर पडलाय, डावा काचेसारखा लख्ख आहे. तेरा वर्षांच्या गाडीत एकच डोळा तरुण कसा?

त्यांना सरळ विचारा. क्लेमचा तपशील विमा कंपनीकडून मागायचा हक्क पॉलिसीधारकाचा असतो, त्यांनी एक मेल टाकला की मिळतो. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र ठाण्यात बऱ्याच डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे असतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. डाव्या फेंडरवर पाचशे-सातशे आलं, तर खाली पुट्टी आहे. पार्किंगच्या खांबाला घासलेला बंपर असेल तर मी नाक मुरडणार नाही. पण बॉनेट उघडून पुढच्या लोखंडी आडव्या पट्टीवर नवा रंग किंवा वेल्डिंग दिसलं, तर चहा पिऊन परत या.

हा शहाणपणा मला कुणी शिकवला ते सांगतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरचे कित्येक महिने मी फक्त बुडालेल्या गाड्या तपासत होतो. आणि पुढच्याच उन्हाळ्यात मी स्वतः एका दलालाकडून जुनी सेडान घेतली. आत डांबराच्या गोळ्यांचा वास होता. मला वाटलं, मालक टापटिपीचा असणार. जूनच्या पहिल्या सरीला तीन हात नाक्यावर एकदम वायपर, हॉर्न, दिवे सगळं बंद. मेकॅनिकने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर खालच्या हातभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ! दिवसाला दहा गाड्यांचे पट्टे मी स्वतः ओढून बघत होतो, आणि आपल्या गाडीचा ओढला नाही. कारण ती आवडली होती. तुम्हालाही ही टीटी आवडली आहे, तुमच्या पत्रातून दिसतंच. म्हणून पट्टा ओढा.

आता पुदुच्चेरी. ही गाडी स्वस्त वाटते त्यामागे हीच पाटी आहे. तिथे कर कमी, म्हणून महागड्या गाड्यांची तिथे नोंदणी करायची चाल होती. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. त्यांनी तो घेतला नाही, म्हणजे ते काम, तो कर आणि असला तर दंडही तुमच्या गळ्यात पडणार. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के कर, आयात केलेल्या गाडीला २०. टीटी बनायची हंगेरीतल्या ग्यॉरला, आपल्याकडे ती तयार होऊनच आली. कर मूळ किमतीवर धरून गाडीच्या वयाप्रमाणे कमी करतात. नेमका आकडा एजंटच्या तोंडून ऐकू नका, आरटीओतून लेखी काढा. आणि हे सगळं करून हाती काय येतं? २०२७मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील, तेव्हा पुन्हा फिटनेस तपासणी, फेरनोंदणी आणि हरित कर.

पुदुच्चेरीची एनओसी, म्हणजे नमुना २८, विकणाऱ्याने आणून द्यायची. ती हातात पडेपर्यंत टोकनपलीकडे रुपया देऊ नका. "कागद मागाहून करू" म्हणणाऱ्याला मागाहूनच पैसे द्या.

किंमत वाढत जाणार, हे त्यांनी कुठून आणलं? टीटीचं उत्पादन २०२३मध्ये थांबलं, एवढं खरं. पण जपून ठेवावी अशी टीटी म्हणजे पाच सिलिंडरची आरएस. दोन लिटरची साधी टीटी छान गाडी आहे, दुर्मीळ नाही. आणि जाहिरातीतले आकडे म्हणजे मागितलेले भाव, गाडी कितीला सुटली ते तिथे कधीच छापून येत नाही. हीच गाडी किती महिने विक्रीला आहे ते शोधा. दिवाळीत लावलेली जाहिरात होळीलाही तशीच असेल, तर साडेएकोणीस लाखांना बाजाराने उत्तर दिलेलं आहे.

या पिढीच्या दोन लिटर इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे ती साखळी ताणून धरणारा भाग, हा ओळखीचा दुबळा भाग. तो ढिला झाला की सेल्फ मारल्यावर पहिले दोन-तीन सेकंद खडखडाट येतो आणि मग इंजिन साळसूदपणे चालतं. तो तुटला तर व्हॉल्व्ह-पिस्टनची टक्कर, म्हणजे लाखांचा मामला. म्हणून सकाळी सातला जा आणि आदल्या रात्रीच सांगून ठेवा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर त्या दिवशी काही ठरवू नका. ऑइल किती पितं तेही विचारा, हे इंजिन त्याबाबतीत बदनाम आहे.

गिअरबॉक्ससाठी मात्र संध्याकाळी जा. रिकाम्या रस्त्यावर कुठलीही गाडी गुणाची वाटते. ही कापूरबावडीच्या गर्दीत न्या, अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगू द्या. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना झटका, चढावर निघताना थरथर, असं काही जाणवलं तर क्लच किंवा मेकाट्रॉनिकचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचा, खर्च धरा. या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. गाडी ५८,०००वर विक्रीला निघाली, यात काही पाप नाही, पण बिल तुमच्या नावाचं आहे. टायरवरचे चार आकडे वाचा. तुमच्या फोटोत २३१६ दिसतंय, म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. खाचा कितीही खोल असोत, नऊ वर्षांचं रबर पावसात धरत नाही.

माझा हिशेब असा. चार चांगले टायर ऐंशी हजार, गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलचं ऑइल चाळीस हजार, चेनसाठी दोन लाख बाजूला. साडेएकोणीसातून जवळपास सव्वातीन गेले, राहिले साधारण सव्वासोळा. त्यातून आरटीओचा लेखी आकडा पूर्णच्या पूर्ण वजा करा, कारण कर न भरता चार वर्षं गाडी त्यांनी फिरवली, तुम्ही नाही. डाव्या बाजूचं कोडं सुटलं आणि सकाळी इंजिन शांत सुरू झालं, तर तेवढ्याला घ्या, मला आनंद होईल. ते पंधराच्या खाली यायला तयार नसतील आणि कर तीन लाख निघाला, तर राहू द्या. एमएच-४३च्या, म्हणजे नवी मुंबईच्याच नंबरच्या टीटीही विकायला निघतात, थोडं थांबावं लागतं इतकंच.

आणि सौदा ठरण्याआधी गाडी एकदा ऐरोलीला, तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवरून खाली उतरवून बघा. वहिनी ऑफिसला गेलेल्या असतील अशी वेळ साधा. खालून घासल्याचा आवाज आला, तर तो त्यांनी ऐकलेला बरा नव्हे.