मुलाचं वर्गाच्या ग्रुपवर स्टिकर बनवलं, तो शाळेत जात नाही. फोन काढून घ्यावा का?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मुलगा नववीत आहे. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर मित्रांनी काढलेल्या फोटोत त्याच्या तोंडात घास, डोळे अर्धे मिटलेले. त्याचं कुणीतरी स्टिकर केलं आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर तेच फिरतंय. पोरगा शाळेत जायला तयार नाही, ताटसुद्धा खोलीत नेतो. मिस्टर म्हणतात, फोन काढून घ्या, आम्ही मास्तरांच्या छड्या खाल्ल्या आणि ही पोरं स्टिकरनं मोडतात. फोन काढावा का, आणि त्याचं मन घट्ट कसं करायचं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

फोन काढू नका. निदान या कारणासाठी तरी नको. झालेली गोष्ट त्यानं तुम्हाला सांगितली, ही या सगळ्यातली सगळ्यात चांगली बाजू आहे. आता फोन गेला तर त्याच्या डोक्यात हिशोब पक्का बसेल, की घरी सांगितलं की फोन जातो. पुढचं प्रकरण स्टिकरपेक्षा मोठं असलं तर तो गप्प बसेल.

माझं सोलापूरच्या पूर्व भागात शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. कामाला येणाऱ्या बहुतेक बायकांच्या घरी याच वयाची पोरं आहेत. दुपारी डबे उघडले की कडक भाकरी आणि शेंगा चटणीबरोबर हाच विषय निघतो. त्यातल्या एकीच्या धाकट्या मुलीला अनोळखी अकाउंटवरून तिचाच फोटो घाणेरडा एडिट करून आला. पैसे दे, नाहीतर सगळ्या नातेवाइकांना पाठवतो, अशी धमकी. पोरगी घरात काही बोलली नाही, कारण थोरल्या बहिणीचा फोन असाच एका तक्रारीवरून कपाटात गेलेला तिनं पाहिला होता. कानातलं मोडायला सराफाकडं जायचं तिनं ठरवलं होतं. मावशीच्या लक्षात आलं म्हणून वाचली.

असं कुणाच्या घरी झालंच तर पैसे द्यायचे नाहीत आणि चॅट डिलीट करायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकायची. 18 वर्षांखालच्या मुलांचे अश्लील फोटो बनवणं, बाळगणं, पुढं पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67बी खाली गुन्हा आहे. ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवाही आहे. ती फोनमधल्या फोटोचा फक्त डिजिटल ठसा घेते, फोटो कुठं अपलोड होत नाही, आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या ठिकाणी तो फोटो अडवायला मदत करते.

तुमचं प्रकरण तितकं नाही, पण लहान म्हणून हसण्यावारी नेऊ नका. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला दुसऱ्यानं टाकलेला मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. अ‍ॅडमिन वर्गातलंच पोरगं असेल, त्याला मुलानंच एक ओळ लिहावी: हे काढ, मला आवडलेलं नाही. तुम्ही लिहू नका, आणि पालकांच्या ग्रुपवर तर अजिबात नको, तिथं आयांची भांडणं लागतात आणि पोराची आणखी शोभा होते. ज्यांनी स्टिकर सेव्ह केलंय त्यांच्या फोनमधून ते जाणार नाही, हेही त्याला आत्ताच सांगून टाका. सगळं पुसलं जाईल असं खोटं आश्वासन देऊ नका. वर्गशिक्षकांना भेटायचं असेल तर त्याला विचारून भेटा. तो नको म्हणाला तर एक-दोन दिवस थांबा. शाळेत हात लावतायत, वाटेत अडवतायत असं कळलं तर मात्र विचारत बसू नका, सरळ जा.

मिस्टरांच्या बोलण्यात अर्धं खरं आहे. आम्हीही मार खाल्ला, नावंही पडली. तेलुगू घरातल्या पोरांच्या मराठीची नक्कल तर आमच्या वर्गात रोज व्हायची. पण शाळा सुटली की ती नक्कल शाळेतच राहायची. घरी आलं की आजी, गल्ली, लपंडाव. आता तीच चेष्टा रात्री अकराला गादीवर येते, तीही सगळ्या ग्रुपसमोर. शिवाय छड्यांनी कुणी घट्ट होत असेल यावर माझा विश्वास नाही. घट्ट झाले त्यांच्या पाठीशी कुणीतरी होतं, ते आपण विसरतो.

हे माझं पदरचं मत नाही. एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हवाईतल्या कौआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा पुढं चाळीस वर्षं माग ठेवला. त्यातली बरीच गरिबीत, दारूच्या किंवा भांडणाच्या घरात वाढलेली. अशा सगळ्यात जास्त धोक्यातल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं धड, कर्ती माणसं झाली. त्यांच्यात जे सारखं सापडलं त्यात एक ठळक होतं: घरातलं किंवा बाहेरचं निदान एक मोठं माणूस, जे त्या पोराला धरून होतं. आजी, मावशी, शिक्षक, कुणीही. आणि या मुलांना लहानपणापासून घरातलं काहीतरी काम खरोखर सांभाळायला दिलेलं होतं.

हे कामाचं मला फार पटतं. सोलापूरकरांना सांगायला नको, उजनी धरण भरो की न भरो, आपल्या नळाला रोज पाणी नाही आणि येईल त्याची वेळ पक्की नाही. आमच्या घरी पाण्याचा दिवस थोरल्याकडं आहे. तो अकरावीत आहे. पहाटे उठायचं, मोटर हवा धरून बसली तर तांब्याभर पाणी ओतून चालू करायची, आधी पिण्याची भांडी, मग हौद, मग वरची टाकी. एकदा पठ्ठ्या झोपून राहिला. मी जागी होते, नळाचा आवाज ऐकू येत होता, तरी उठले नाही. सकाळी टाकी कोरडी. शेजारच्या काकूंकडं घागर घेऊन त्यालाच पाठवला.

“काय करालास बे, रात्री फोन बघत बसला असशील!” काकू भर दारात ओरडल्या. गल्लीतल्या दोन पोरांनी ऐकलं. तो कान लाल करून घागर घेऊन आला, माझ्याशी दुपारपर्यंत बोलला नाही, संध्याकाळी त्याच काकूंच्या गॅसची टाकी उचलून आत ठेवून आला. मी त्यावर एक अक्षर बोलले नाही. लाज वाटते, आणि ती उतरते, हे पोराच्या अंगावरून एकदा गेलेलं असावं लागतं. नाहीतर पहिलीच फजिती स्टिकरच्या रूपात चाळीस जणांसमोर होते आणि त्याला वाटतं आता हे जन्मभर असंच राहणार. आपण मात्र दहावीचं वर्ष, क्लास, नीट, लातूर-पुणे करत पोरांकडून पाण्याचा ग्लाससुद्धा उचलून घेत नाही.

तुमच्या मुलाला आज काम लावा असं म्हणत नाही, आज तो दुखावलेला आहे. आज फक्त त्याच्याजवळ बसा. ‘एवढं काय त्यात’ हे वाक्य घरात बंद करा, मिस्टरांनासुद्धा सांगा. त्यांनी त्याला टू-व्हीलरवर मागं बसवून कंबर तलावापर्यंत चक्कर मारावी. या वयाची पोरं समोरासमोर बसवून बोलत नाहीत, शेजारी किंवा मागं बसलं की बोलतात.

फोनचा एकच नियम पाळला तरी पुरे: रात्री तो खोलीत नको, सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचेही. या वयात 8 ते 10 तास झोप लागते, आणि न झोपलेल्या पोराला सकाळी सगळंच दुप्पट टोचतं. इन्स्टाग्रामवर तो असेल तर 18 खालच्यांची खाती आता आपोआप प्रायव्हेट असतात, रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन बंद राहतात, आणि 16 खालच्यांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. अर्थात जन्मसाल खरं टाकलं असेल तर. आमच्या धाकटीनं स्वतःला 2001 ची करून ठेवलं होतं! व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत जाऊन, ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं तिथं ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करून घ्या.

जेवण, झोप दोन आठवडे बिघडलेलीच राहिली, मरणाचं बोलला, हातावर ओरखडे दिसले, तर सल्ले विचारत बसू नका. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मराठीत बोलतात. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. मग डॉक्टर.

शाळेचं म्हणाल तर सोमवारपर्यंत ओढू नका. जितके दिवस घरी, तितकं गेट उंच वाटतं. उद्या मधल्या सुट्टीनंतरचे तास तरी करू दे. ज्या एका मित्रानं ते स्टिकर पुढं पाठवलं नाही, असा एक तरी असतोच, त्याला सकाळी घरी बोलवा, दोघांना पोहे खायला घाला आणि एकत्र पाठवा.