पोरीचं पहिलं पाऊल आणि हुकलेला फोटो

अगं,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. लोकांच्या बारशाचे फोटो काढायला तू इगतपुरीला गेलीस आणि इकडे नाशिकच्या सिडकोत तुझ्या पोरीनं पहिलं पाऊल टाकलं, आणि सासूबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा तुला रडूच आलं. येणारच गं. पण त्यापुढे जे लिहिलंयस ना, की मी ना धड आई ना धड फोटोग्राफर, ते काही मला पटलं नाही.

एक तर पहिलं पाऊल म्हणजे काही एकच सेकंद नसतो, पोरं आठ-दहा दिवस पडत-उठत, सोफा धरत, परत बसकण मारत चालायला शिकतात, त्यातलं पहिलं कुठलं हे घरात चार माणसं असतील तर चौघं चार सांगतील. आणि हुकण्याचं म्हणशील तर होमाई व्यारावाला, आपल्या देशातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, त्या ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींच्या प्रार्थनेला निघाल्या होत्या आणि नवऱ्यानं उद्या दोघं मिळून जाऊ म्हणून मागे बोलावलं. त्याच संध्याकाळी काय झालं ते तुला माहितीये. याची हळहळ त्यांना राहिली, पण त्यानंतर वीसेक वर्षं त्या काम करत होत्याच, मुलगाही वाढवला.

आता कामाचं बोलू. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात तू लोकांचे प्रीवेडिंग काढतेस, पण त्या फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी काय केलं होतं माहितीये का, कुंडीत वाटाणा पेरून तो उगवताना थोडा थोडा करत कॅमेऱ्यात टिपला, आणि ती छोटीशी फिल्म दाखवून पुढच्या सिनेमासाठी पैसे उभे केले. मला हे फार आवडतं, कारण रोप नेमकं कुठल्या क्षणी वाढलं हे त्यात कुणी विचारतच नाही. तू पण तेच कर. घरातली एक खिडकी ठरव, दर महिन्याला तीच जागा, तीच लेन्स, साधारण तीच वेळ, पोर रडत असेल तर रडतानाचा काढ. चालायला लागली तो दिवस हुकला तरी आधीच्या महिन्यात ती बसलेली असेल आणि पुढच्या महिन्यात फ्रेमच्या बाहेर पळत असेल, अजून काय पाहिजे?

घरातल्या फोटोंना स्टुडिओ मांडू नकोस. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा हळू ठेवू नको, आयएसओ ऑटोवर टाक, कमी उजेडात ६४०० पर्यंत गेला तर जाऊ दे, फोटो दाणेदार झाला तरी चालतो, हललेला चेहरा चालत नाही. आणि कॅमेरा वर ठेव पण त्याचा पट्टा खाली लोंबता ठेवू नकोस, ती ओढणार. बॅगेतल्या सिलिका जेलच्या पुड्या आणि रिमोटचे ते चपटे गोल सेल कुलपात, हे मी तुला हात जोडून सांगते, गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर आतून भाजतं.

संक्रांतीनंतर बोरन्हाण करशीलच. त्या दिवशी तू कॅमेरा धरायचा नाही, पोरीला मांडीवर तू घ्यायचंस. रथसप्तमीपर्यंतचा एक रविवार आत्ताच ब्लॉक कर, क्लायंटला सांग बुक आहे, खोटं थोडीच आहे. फोटो दीर काढेल नाहीतर शेजारची कॉलेजवाली मुलगी, फक्त सेटिंग तू आधी करून दे. काळं झबलं आणि त्यावर पांढरे हलव्याचे दागिने, कॅमेरा काळ्याला बघून सगळं उजळ करतो आणि हलवा नुसता पांढरा डाग होऊन बसतो, त्यामुळे एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली ठेव, म्हणजे फोटो जरा गडद येऊ दे. डोक्यावर बोरं-चुरमुरे पडतात तेव्हा पोरं डोळे मिटतात, खरी मजा त्यानंतर, शेजारची पोरं सतरंजीवर चॉकलेटवर तुटून पडतात तेव्हा. कुणालाच जमत नसेल तर फोन टेकवून फोरके व्हिडिओ चालू ठेव, त्यातली एक फ्रेम आठ मेगापिक्सेलची निघते, चार बाय सहाची प्रिंट झकास येते.

मला तुझी काळजी वेगळीच वाटते. तू टाकलेल्या अल्बममध्ये पोर आहे, आजी आहे, नवरा आहे, शेजाऱ्यांचा मोती पण आहे, तू कुठेच नाहीस. एका ठिकाणी बाळाच्या पाठीवर नुसता तुझा हात दिसतो. हुकलेल्या पावलापेक्षा मला हे जास्त लागलं. आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा नवऱ्याच्या हातात दे, वाकडा काढू दे, केस विस्कटलेले असू देत, गाऊन असू दे. डिलीट करायचा हक्क तुला नाही. सासूबाईंनाही शिकव, त्यांना फोन आडवा धरायला सांगितलंस तरी अर्धं काम झालं, आणि व्हॉट्सॲपवर फोटो मागवशील तर डॉक्युमेंट म्हणून मागव, नाहीतर चिंधी होते त्याची.

बाहेरच्या ऑर्डरी सोडू नकोस. लॉन्सवाल्यांकडे दूध काढायला एक खोली आधीच मागून घे, लाजू नको, वधूपक्षाच्या बायका स्वतः उठून देतात.

रविवारी पोरीला घेऊन ये, हार्डडिस्क पण आण, सगळं दोन ठिकाणी कॉपी करून टाकू. आणि माझी पस्तीसची लेन्स दिवाळीपासून तुझ्याकडे आहे, ती आठवणीनं आण.

तुझी ताई