नशिराबाद–जळगाव रोजची सायकल : डिस्क ब्रेक कोणता घ्यावा आणि खोक्यातली सायकल जोडावी कशी

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नशिराबादहून जळगावला शाळेत रोज सायकलने जायचं, जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर. वजन ७८ किलो, बजेट पासष्ट हजार. डिस्क ब्रेकची रोड बाईक घ्यायची ठरली आहे, पण हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची) घ्यावी की केबलची ते ठरत नाही, आणि खोक्यात येणारी सायकल घरीच जोडावी लागणार आहे. आधी दोघांनी तुम्हाला 'हायड्रॉलिकच घ्या, नंतर पस्तावाल' असं सांगितलंय. मी उलट सांगतोय, तेव्हा कारणंही देतो.

मी भुसावळ ते दीपनगर आठ वर्षं सायकलने जातो. पहिली सायकल रिम ब्रेकची, म्हणजे चाकाच्या कडेवर पॅड दाबणारी होती, टायर २५ मिलीमीटरचे. आताची डिस्कची, म्हणजे चाकाच्या मध्याशी लावलेल्या चकतीला (रोटरला) पॅड चिमटणारी, टायर ३२ चे. दोन्हींवर पुरेसा त्रास काढून झालाय.

डिस्क ब्रेक सायकल लवकर थांबते म्हणून घेऊ नका. तापीचं खोरं म्हणजे सपाटी. घाट उतरायचा तर चाळीसगाव ओलांडून कन्नडचा घाट नाहीतर तिकडे नंदुरबारात तोरणमाळ गाठावं लागतं. तुमच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा उतार म्हणजे उड्डाणपूल. कोरड्या सपाट रस्त्यावर चांगला रिम ब्रेकही तुम्हाला थांबवेल. डिस्कचा खरा फायदा वेगळाच आहे. ब्रेक चाकाच्या मध्याशी गेला की टायरच्या डोक्यावरची जागा मोकळी होते आणि तिथे ३२ चा, काही फ्रेममध्ये ३५ चासुद्धा टायर बसतो. आपल्याकडे रोज चालवायचं तर सुख तिथेच आहे.

दुसरं कारण काळी माती. एका जुलैत शॉर्टकट म्हणून शेतरस्त्याने निघालो. दोनशे पावलांत माती टायर आणि रिम ब्रेकच्या मधे अशी भरली की चाक फिरेना. बाभळीच्या काडीने उकरायची, दहा पावलं ढकलायची, परत उकरायची. शेवटी सायकल खांद्यावर. बांधावरचे एक बाबा बघत होते, म्हणाले, ''भो, सायकल तुले नेस का तू सायकलले?'' डिस्कच्या सायकलीत ही अडचण बरीच कमी होते, संपत नाही. फ्रेम आणि टायरमधे निदान करंगळी जाईल इतकी फट आहे का ते बघून घ्या. नाहीतर डिस्क असूनही चिखल तिथे थापला जाणारच.

आता हायड्रॉलिकचं. तो ब्रेक चांगला आहे यात वाद नाही. एका बोटाने लागतो, पॅड झिजले तरी आपोआप जुळवून घेतो. पण ड्रॉप हँडलच्या, म्हणजे खाली वळलेल्या हँडलच्या, शिमानो गिअर-ब्रेक सेटमध्ये क्लॅरिस आणि सोरा या स्वस्त सेटना हायड्रॉलिक लिव्हर येत नाही, ती टियाग्रापासून वर येते. पासष्ट हजारात पूर्ण हायड्रॉलिक रोड बाईक सापडलीच तर पैसे कुठेतरी वाचवलेले असणार, आणि ते बहुधा चाकांत आणि टायरमध्ये. म्हणजे ज्यासाठी डिस्क घेतली तेच हलकं.

शिवाय दुरुस्ती. केबल तुटली तर तुम्ही ती जळगावातच बदलून घ्याल, एखादी जास्तीची पिशवीत ठेवली तर रस्त्यावरही. हायड्रॉलिकची नळी गळायला लागली की ब्लीड करायचं, म्हणजे नळीतली हवा काढायचं साहित्य लागतं, योग्य तेल लागतं. शिमानोला मिनरल ऑइल, दुसऱ्या काही कंपन्यांच्या ब्रेकना मोटरसायकलसारखं डॉट फ्लुइड. चुकून एकाचं दुसऱ्यात घातलं तर आतले रबर सील फुगून वाया जातात. माझ्या एका मित्राने मोटरसायकलच्या गॅरेजात 'तेल तेच असतं' यावर विश्वास ठेवून नेमकं हेच केलं. पुढे सुटे भाग यायला बारा दिवस, आणि तितके दिवस तो एसटीने. दर महिन्याला घाट उतरणार असाल, हाताची बोटं दुखत असतील किंवा बजेट लाखाच्या पुढे असेल तर मात्र बेलाशक हायड्रॉलिक घ्या.

केबलचा घेताना एकच चौकशी करा : पॅड दोन्ही बाजूंनी सरकतात की एकाच? स्वस्त कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या चिमट्यात) बाहेरचा पॅड सरकतो आणि रोटरला वाकवून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. चालतो, पण वरचेवर जुळवावा लागतो. टीआरपी स्पायरसारख्या कॅलिपरमध्ये दोन्ही पॅड येतात, त्याने अर्धी डोकेदुखी जाते. आणखी एक छोटा खर्च मनापासून सुचवतो. ब्रेकची बाहेरची केबल न दबणारी, म्हणजे आत उभ्या तारांची, बसवून घ्या. साधी गुंडाळीची केबल दाबताना आकसते आणि लिव्हर स्पंजासारखी लागते.

गिअरवर डोकं शिणवू नका. आठ किंवा नऊ स्पीड, पुढच्या दोन चक्रांना ५० आणि ३४ दाते, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला ३० च्या आसपास. मे महिन्यात समोरून गरम वारा लागतो तेव्हा आपल्याकडचा घाट तोच. मडगार्ड आणि कॅरिअरची भोकं फ्रेमला हवीतच. वह्यांचा गठ्ठा पाठीवर घेऊन ४४ अंशात जायचं म्हणजे शाळेत पोचल्यावर शर्ट पिळायचा.

टायर. इथे हात आखडता घेऊ नका. आपल्याकडचे शत्रू तीन : सराटे, बाभळीचा काटा, आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरातली केसासारखी तार. तार सगळ्यात वाईट, ती डोळ्याला दिसत नाही. आत पंक्चररोधक पट्टा असलेला ३२ चा टायर घ्या, शंभर-दीडशे ग्रॅम जड पडला तरी. ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबऐवजी आत भोक बुजवणारं पातळ सीलंट, मीही करून पाहिलं. सराट्यांवर जालीम आहे, पण आतलं सीलंट आपल्या उन्हाळ्यात दोन-अडीच महिन्यांत वाळून टायरला पापडासारखं चिकटतं. वेळेवर भरत राहायची शिस्त असेल तरच त्या वाटेला जा. मी परत ट्यूबवर आलो.

हवा छापलेल्या कमाल आकड्याइतकी भरू नका. तुमच्या वजनाला ३२ च्या टायरात पुढे ६० आणि मागे ६५-७० पीएसआय पुष्कळ. 'उन्हात ट्यूब फुटते' हे सगळे सांगतात, तेव्हा हिशेब करून बघा. पहाटे २५ अंशांत ६५ भरली आणि दुपारी टायर ६५ अंशांपर्यंत तापला तर दाब वाढतो दहा-अकरा पीएसआयने. एवढ्याने चांगली ट्यूब फुटत नाही. फुटते ती बसवताना टायरखाली चिमटलेली असते म्हणून, किंवा रिमची पट्टी सरकून आऱ्यांच्या भोकाची धार लागते म्हणून. व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा, प्रेस्टा असेल, त्याला आपल्या पंक्चरवाल्याचा पंप लागत नाही. पितळी ॲडाप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवरच लावून ठेवा. खिशात ठेवलेला हरवतो.

फ्रेमची साईज तुमच्या उंचीवरून कुणी फोनवर सांगेल ती अंदाजाची. नाशिक किंवा संभाजीनगरला जाणं होईल तेव्हा त्याच मॉडेलवर एकदा बसून या. दोन साईजमध्ये अडकलात तर लहान घ्या. सीट आणि स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) थोडे वाढवता येतात, मोठी फ्रेम कापता येत नाही.

आता खोकं. जळगाव-भुसावळकडचे आपले सायकलवाले चाकाचा आउट काढण्यात, छर्रे बदलण्यात उस्ताद आहेत, त्यांच्या हाताला मी आजही तोड मानत नाही. पण डिस्क त्यांच्याकडे रोज येत नाही. म्हणून हे काम शिकून घ्या. ४, ५ आणि ६ ची ॲलन की, एक टी-२५ (चांदणीच्या तोंडाची किल्ली), ग्रीस आणि गेजवाला पंप पुरे. जमलं तर बोल्ट किती आवळला ते न्यूटन-मीटरमध्ये दाखवणारा छोटा टॉर्क पान्हाही घ्या, भाव पेट्रोलच्या दोन टाक्यांच्या आतबाहेर असेल.

खोकं उघडल्यावर आधी पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपायी भाग बघा. वाहतुकीसाठी तो उलटा फिरवलेला असतो आणि बरेच जण तसंच हँडल बसवतात. खूण सोपी : सीटवर बसल्यावर ब्रेकचा कॅलिपर डाव्या हाताला दिसला पाहिजे. उजवीकडे दिसला तर फोर्क उलटा. मग हँडल. स्टेमच्या डोक्यावरचा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगमधली ढिलाई काढतो. म्हणून बाजूचे दोन बोल्ट ढिले ठेवून आधी वरचा हळूहळू आवळा, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, दुसरा हात फोर्क-फ्रेमच्या सांध्यावर ठेवा. सांध्यात टकटक थांबली आणि हँडल मोकळं फिरतंय, तिथे थांबा. मग हँडल चाकाशी सरळ करून बाजूचे बोल्ट आलटून-पालटून ५ न्यूटन-मीटरला आवळा. स्टेमवर वेगळा आकडा छापला असेल तर तोच खरा. पेडलना ग्रीस लावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जबरदस्ती केलीत तर क्रँक (पेडल बसतं तो दांडा) गेला.

सीटची उंची : पेडल खाली असताना टाच ठेवून पाय सरळ होईल इतकी. किंवा पायाची आतली उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, ०.८८३ ने गुणा, तेवढं अंतर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत. दोन्हींत थोडा फरक येईल, कमी असेल तिथून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात गुडघ्याच्या पुढे दुखलं तर सीट पाच मिलीमीटर वर, मागे दुखलं तर खाली.

ब्रेक. चाक पूर्ण आत बसवून एक्सल आवळल्याशिवाय ब्रेकला हात लावू नका. चाक तिरकं बसलं असेल तर पुढचं सगळं जुळवणं फुकट. कॅलिपरचे दोन बोल्ट अर्धा फेरा ढिले करा, लिव्हर घट्ट दाबून धरा, तशीच धरून बोल्ट थोडे-थोडे आवळत ६ ते ८ न्यूटन-मीटरला न्या. एकाच बाजूचा पॅड सरकणारा असेल तर हे करण्याआधी स्थिर पॅड स्क्रूने आत घेऊन रोटरच्या अगदी जवळ आणा, पोस्टकार्डाएवढी फट राहील असा. मग चाक फिरवून पांढऱ्या कागदासमोर फट बघा. सगळीकडे घासत असेल तर कॅलिपर हलवा, एकाच जागी घासत असेल तर रोटर वाकलाय. तो स्वच्छ फडक्याने धरून हलक्या हाताने सरळ करता येतो. उजवी लिव्हर पुढच्या ब्रेकची आहे ना, तेही बघा. हाताची सवय मोटरसायकलची असते, ती उलटी निघाली तर घाईत चुकीचा ब्रेक दाबाल.

नवीन पॅड पहिल्या दिवशी धरत नाहीत, म्हणून घाबरून केबल ताणू नका. मोकळ्या रस्त्यावर २५ च्या वेगाने जाऊन एक ब्रेक सारखा दाबत चालण्याच्या वेगापर्यंत या, चाक लॉक न करता. असं प्रत्येक ब्रेकला पंधरा-वीस वेळा. पॅडचा पातळ थर रोटरवर चढतो, मग धार येते.

आणि तेल. तेलाचा एक थेंब रोटरवर म्हणजे पॅड गेलेच समजा. माझी आई दसऱ्याला सायकलीची पूजा करते, तिला नाही म्हणायची माझी हिंमत नाही. पहिल्या वर्षी तिने तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट थेट रोटरवर टेकवलं, चकचकीत गोल दिसला म्हणून. दुसऱ्या दिवशी ब्रेक लावला की अख्खी गल्ली वळून बघायची, सायकल मात्र थांबायची नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून साफ झाला, पण पॅडनी तेल पिऊन घेतलेलं होतं, ते बदलावेच लागले. आता कुंकू सीटखालच्या नळीला लागतं. चेनला तेल देतानाही थेंबाथेंबाने द्या, स्प्रे नको. कोरड्या दिवसांत मेणाचं, पावसाळ्यात 'वेट' नावाने मिळणारं. कापसाच्या हंगामात एक जास्तीचं काम : ट्रॉल्यांमधून उडालेला कापूस मागच्या गिअरच्या चाकात गुंडाळला जातो आणि गिअर उड्या मारायला लागतो. चिमट्याने काढा, गिअर जुळवत बसू नका.

पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर नव्या केबल बसतात, लिव्हर हँडलच्या जवळ यायला लागते. तेव्हा कॅलिपरवरचा, केबलचा ताण वाढवणारा बॅरल स्क्रू दोन-तीन फेरे फिरवा आणि सगळे बोल्ट एकदा बघा. पॅडचा मसाला अर्ध्या मिलीमीटरपर्यंत आला की बदलायचे. शिमानोचा रोटर नवा १.८ मिलीमीटर असतो, १.५ ला बाद. माझ्या रस्त्यावर दीपनगरच्या वीजकेंद्राचे राखेचे टँकर चालतात, त्या धुळीत माझे पॅड वर्षभरही टिकत नाहीत. तुमचा रस्ता त्या मानाने स्वच्छ आहे.

खोकं आलं की फोर्कचा फोटो इथे टाका, हँडल आवळायच्या आधी.