वाचकांचे प्रश्न : साजाचे सूत, मनाचे सूत

प्रश्न : मी हलक्याफुलक्या प्रेमकथा आवडीने वाचते. घरचे त्याला 'टाइमपास' म्हणतात. त्यांना काय उत्तर द्यावे? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : टाइमपास आहे, असेच सांगावे. 'कलेसाठी कला' म्हणणारे ना. सी. फडके आणि 'जीवनासाठी कला' म्हणणारे वि. स. खांडेकर हे दोघेही कोल्हापुरात राहिले. त्यांचा वाद मिटला नाही, आणि वाचकांनी दोघांनाही डोक्यावर घेतले.

प्रश्न : शाळेतून निवृत्त झाल्यापासून दुपारी रहस्यकथा वाचते; रक्तपात मात्र सोसवत नाही. गुजरी या कोल्हापूरच्या सराफ पेठेच्या परिसरातील एका घरातून कोल्हापुरी साज (गळ्यातला दागिना) नाहीसा होतो, अशी कथा स्वतः लिहावी असे मनात आहे. खून नसल्यास रहस्य फिके पडेल काय, आणि प्रेमकथा त्यात किती असावी? – एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : 'कोझी मिस्टरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कथांत बहुधा खून असतोच, तो वाचकाच्या डोळ्यांदेखत होत नाही इतकेच, आणि शोध घेणारी व्यक्ती पोलिसांतली नसून चार घरी ऊठबस असलेली असते. ॲगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल १९३० मध्ये प्रथम कादंबरीत आली, तेव्हा तिच्याजवळ अधिकार कोणताच नव्हता. होती ती खेड्यात आयुष्य काढल्यामुळे आलेली माणसांची पारख. तेव्हा खुनापेक्षा महत्त्वाचे हे, की एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या माणसांत संशय शिरावा. साज गेल्यावर त्या घरातल्या तिघांनी एकमेकांच्या नजरेला नजर देणे टाळले, तर तुमचे काम झाले.

शोध घेण्यासाठी मी सराफापेक्षा पटवेकरी, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठवून देणारा कारागीर, निवडेन. कोणत्या घरचा दागिना कधी गाठवायला आला आणि साजातली कोणती पानडी (ओवलेले पदक) बदलली, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते. साज अचानक देव्हाऱ्यात सापडला आणि दोऱ्याची गाठ त्याच्या हातची नसली, तर मधल्या काळात तो कोणीतरी सोडवला होता, हे त्याला तिथेच कळेल. मात्र त्याची गाठ मारण्याची पद्धत वाचकाला फार आधी, एखाद्या साध्या गिऱ्हाइकाशी चाललेल्या बोलण्याच्या ओघात दिसलेली असली पाहिजे. शेवटच्या पानावर नवी माहिती पुढे करणे ही मला सरळ लबाडी वाटते.

प्रेमकथेचे प्रमाण विचारू नका, तिची जागा विचारा. नवख्या लेखकांचा नेहमीचा दोष असा, की नायक-नायिका भेटली की तपास रजेवर जातो. पटवेकऱ्याची मुलगी आणि त्या घरचा भाचा रंकाळ्यावर भेटतात असे समजू (भेळ टाळता आली तर पाहा, ती फार झाली आहे). त्या गप्पांतच त्याने सांगितलेली एक वेळ तिला खटकली पाहिजे. विचारावे तर विश्वास नाही असे दिसते, न विचारावे तर वडिलांचा तपास अडतो. या पेचात प्रेम आणि रहस्य दोन्ही एकाच प्रसंगात पुढे सरकतात.

चोर कळल्यानंतर पाने वाढवू नका. साज पुन्हा गाठवायला दुकानात येतो, एवढाच प्रसंग ठेवा; तो घेऊन कोण येते, यावरून त्या दोघांचे काय ठरले ते वाचक ओळखेल.